वजन उतरलं तरी डॉक्टर निर्धास्त कसे?

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर रोज ठरलेल्या वेळी नातेवाइकांना बाळाची माहिती देतात. श्वास, दूध, कावीळ, रक्ताच्या तपासण्या असं बरंच काही सांगितलं जातं, पण घरच्यांच्या लक्षात एकच आकडा राहतो, वजनाचा. तो आकडा फोनवरून आजोळी जातो, गावाकडे जातो. तिसऱ्या दिवशी "कालपेक्षा चाळीस ग्रॅम कमी" असं कळलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दूध पुरत नाही का? ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) ठेवून बाळ वाळत चाललंय का? दुसरीकडे हलवायचं का? डॉक्टर मात्र "होतं असं, काळजी करू नका" म्हणून पुढच्या बाळाकडे वळतात. त्यांचं म्हणणं बरोबरच असतं, फक्त ते का बरोबर आहे हे त्या गर्दीत समजावून सांगायला कुणाला सवड नसते.

पहिल्या आठवड्यात काट्यावर जे वर-खाली होतं ते बहुतेक सगळं पाणी असतं. हे एकदा नीट कळलं की त्या आठवड्यातली निम्मी भीती जाते. शिवाय, आजारी बाळाचं वजन नेमकं त्याच दिवसांत वाढू लागलं तर डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या का पडतात, तेही कळतं.

गर्भाशयात बाळ पाण्यात वाढतं आणि त्याच्या अंगातही पाणी भरपूर असतं. मोठ्या माणसाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी. पूर्ण दिवसांच्या बाळात ते ७५ टक्क्यांच्या आसपास आणि २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ८० टक्क्यांच्याही वर. म्हणजे एक किलोच्या बाळात आठशे ग्रॅमहून जास्त नुसतं पाणी. त्यातला मोठा भाग पेशींच्या बाहेर, रक्तात आणि पेशींमधल्या फटींत साठलेला असतो. बाहेरच्या जगात एवढ्या साठ्याची गरज उरत नाही.

जन्मल्यावर फुप्फुसं हवेनं भरतात, त्यांच्याकडे जाणारं रक्त वाढतं, ते परत येऊन हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण देतं. त्या ताणामुळे एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकायला लावतं. पहिल्या दिवशी बाळ लघवी बेताचीच करतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगोट एकदम जड लागायला लागतात. वेळेआधी जन्मलेल्या आणि धाप लागलेल्या बाळात तर अशी भरपूर लघवी सुरू झाली की बऱ्याचदा पाठोपाठ श्वासही सुधारतो. म्हणून एनआयसीयूतली जुनीजाणती सिस्टर जड लंगोट हातात आला की मनातून खूश होते. घरच्यांना तीच गोष्ट संध्याकाळी "वजन उतरलं" म्हणून कळते.

रात्रभर भिजवलेले हरभरे सकाळी जड भरतात, पण म्हणून हरभरे जास्त झाले असं कुणी म्हणत नाही, आणि उपसून निथळत ठेवल्यावर काटा खाली आला तर ते कमी झाले असंही नाही. बाळाचं पहिल्या तीन-चार दिवसांतलं वजन त्याच हिशोबानं बघायचं.

पाण्याखेरीज थोडी भर इतर गोष्टींची असते. पोटात साठलेली काळी शी पहिल्या एक-दोन दिवसांत बाहेर पडते. दूधही थोडंच जातं. पहिल्या दिवशी आईला येणारा चीक मोजक्या मिलिलिटरचा असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच छोटं असतं. ही उणीव नाही. अंगातल्या जादा पाण्याच्या जिवावर बाळ हे दोन-तीन दिवस काढतं, तोवर आईचं दूध उतरतं.

आता प्रश्न येतो, किती उतरलं म्हणजे ठीक? इथे ग्रॅमवर न जाता टक्केवारीवर जावं. तीन किलोच्या बाळाचे २१० ग्रॅम गेले तर घट ७ टक्के. दीड किलोच्या बाळाचे तेवढेच गेले तर १४ टक्के. शेजारच्या कॉटवरच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांनी एवढा भागाकार जरूर करावा.

याबद्दलचे चांगले आकडे अमेरिकेतून आले आहेत. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटेच्या रुग्णालयांत २००९ ते २०१३ या काळात जन्मलेल्या, ३६ आठवडे वा त्याहून जास्त दिवसांच्या आणि निव्वळ अंगावर पिणाऱ्या १,०८,९०७ बाळांची वजनं अभ्यासून २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नॉर्मल बाळंतपणाची बाळं घटीच्या क्रमानं लावली तर मधोमध येणाऱ्या बाळाची घट २४ तासांनी ४.२ टक्के, ४८ तासांनी ७.१ टक्के आणि ७२ तासांनी ६.४ टक्के, म्हणजे तिसऱ्या दिवशी गाडी वळलेली. सिझेरियनच्या बाळांत ४८ तासांनी ८ टक्के आणि ७२ तासांनी ८.६ टक्के, म्हणजे घट जास्त आणि वळण उशिरा. सिझेरियनने जन्मलेल्या या बाळांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक बाळांनी ७२ तासांत १० टक्के किंवा जास्त वजन घालवलं होतं. दहा टक्क्यांची रेघ ओलांडली की सगळीकडे घंटा वाजते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रेघेपलीकडची किती बाळं ठणठणीत असतात तेही या आकड्यांवरून दिसतं. रेघ ओलांडली म्हणजे बाळाला नीट तपासायचं, आईचं पाजणं जवळ बसून बघायचं. लगेच बाटली आणि पावडरच्या दुधाचा डबा आणायचा असा तिचा अर्थ नाही.

बाळंतपणाच्या वेळी आईला बरंच सलाईन दिलं असेल तर त्यातलं काही पाणी बाळाकडेही जातं. अशा बाळाचं जन्मवजन मुळातच थोडं फुगलेलं भरतं आणि मग पहिल्या दिवसाची घट उगाच मोठी दिसते. सिझेरियनच्या बाळांची घट जास्त दिसण्यामागे हेही एक कारण मानतात.

पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येतं. त्याबद्दल आणखी फार सांगण्यासारखं नाही. खरी गुंतागुंत पेटीतल्या बाळांची.

पातळ कातडीचा हिशोब

आठव्या महिन्याच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात पाणी जास्त, आणि ते धरून ठेवणारी कातडी मात्र पातळ. सव्वीस-सत्तावीस आठवड्यांच्या बाळाची कातडी इतकी झिरझिरीत असते की खालच्या शिरा दिसतात. त्या कातडीतून पाणी सतत उडून जातं. ते लंगोटात येत नाही, कुठे मोजताही येत नाही. उघड्या वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली, हे उडणं वाढतं. काविळीसाठी दिव्यांखाली ठेवलं की आणखी वाढतं. जुन्या ट्यूबच्या दिव्यांखाली ते जास्त होतं, आताच्या एलईडीखाली बरंच कमी. उलट बंद पेटीत दमटपणा वाढवला की पाणी कमी उडतं. अगदी लहान बाळाच्या पेटीची काच आतून धुरकट झालेली दिसते ती त्यामुळे. नातेवाइकांना वाटतं यंत्र बिघडलंय.

म्हणून वेळेआधी आलेल्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात १० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरलं तरी ते अपेक्षेतलं धरतात. १,२०० ग्रॅमच्या बाळाच्या बाबतीत १२ टक्के म्हणजे १४४ ग्रॅम. ते १,०५६ वर येतं आणि घरात रडारड होते. जन्मवजन गाठायला अशा बाळाला दोन आठवडे सहज लागतात, फार छोटं किंवा आजारी असेल तर तीनही.

हे वजन घेतात कसं तेही बघण्यासारखं आहे. बहुतेक ठिकाणी पहाटे किंवा सकाळी, रोज त्याच सुमारास आणि त्याच काट्यावर. काटा पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा असतो. आधी ऊन केलेलं कापड ठेवून काटा शून्यावर आणतात, मग बाळाला उघडं करून ठेवतात. पण बाळ एकटं नसतं. हाताला सुई आणि ती हलू नये म्हणून बांधलेली फळी, नाकात नळी, तोंडात दुधाची नळी, पायाला ऑक्सिजन मोजणारी तार. एक सिस्टर बाळाला ठेवते, दुसरी नळ्या वरच्या वर तोलून धरते, आकडा स्थिर होईपर्यंत दोघी श्वास रोखून असतात. नळीचा भार काट्यावर आला की वजन वाढतं, जरा जास्त उचलली गेली की घटतं. काल हाताला फळी होती, आज काढली, तेवढ्यानं वीस-तीस ग्रॅमचा फरक पडू शकतो. नुकतंच दूध दिलं असेल, रक्त चढवलं असेल, शी व्हायची राहिली असेल, तर तेही वजनात धरलं जातं. म्हणून अनुभवी डॉक्टर एका दिवसाच्या वीस ग्रॅमवर निर्णय घेत नाहीत. तक्त्यावरच्या चार-पाच दिवसांच्या रेघेकडे बघतात. फार अस्वस्थ बाळाला तर काही युनिटांत पहिले एक-दोन दिवस हलवतच नाहीत.

वजन, लघवी आणि सोडियम

एकट्या वजनाला डॉक्टर विचारत नाहीत. सोबत दोन साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार लघवी. लंगोट आधी कोरा तोलायचा, नंतर ओला. फरकातला एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. पहिला दिवस गेल्यावर बाळानं दर तासाला, दर किलोमागे निदान एक मिलिलिटर लघवी करावी अशी अपेक्षा असते. दुसरा साक्षीदार रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला घटक. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं.

वजन झपाट्यानं उतरतंय, लघवी कमी आणि सोडियम चढतंय, तर बाळ सुकतंय. सलाईनमधून पाणी वाढवतात, पेटीचा दमटपणा वाढवतात. वजन बेताबेतानं उतरतंय, लघवी भरपूर, सोडियम जागेवर, तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. आणि वजन उतरतच नाही किंवा वाढतंय, सोडियम खाली सरकतंय, तर अंगात पाणी साठतंय. सोडियम कमी भरतं ते बहुधा मीठ कमी पडल्यामुळे नसतं, पाण्यात ते पातळ झालेलं असतं.

ही तिसरी गोष्ट घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. तिसऱ्या दिवशी बाळ साठ ग्रॅमनं वाढलं, पेढे वाटायचे सोडून डॉक्टर गंभीर का? कारण ज्या बाळाला नळीतून जेमतेम चमचाभर दूध जातंय त्याला एका दिवसात साठ ग्रॅम मांस चढणं शक्य नाही. ते पाणी आहे. पापण्या सुजतात, पाठ आणि पायाची वरची बाजू बोटानं दाबली की खळगा राहतो. तेच पाणी फुप्फुसात उतरलं की ऑक्सिजन वाढवावा लागतो. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी गर्भात उघडी असते आणि जन्मानंतर मिटायला हवी. जादा पाण्यानं ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना पाणी हात राखून दिलं तर ही वाहिनी उघडी राहण्याचं आणि आतड्यांच्या एका गंभीर आजाराचं प्रमाण कमी राहतं, असं अभ्यासांत दिसलंय. जन्मताना न रडलेलं, गुदमरलेलं बाळ असेल तर मूत्रपिंडांनाही मार बसलेला असतो, लघवी थांबते आणि पाणी आणखी साचतं. जंतुसंसर्गातही असंच होऊ शकतं.

म्हणूनच पहिल्या दिवशी सलाईन अगदी मोजून, साधारण किलोमागे ६० ते ८० मिलिलिटर देतात आणि मग रोज थोडं थोडं वाढवत आठवड्याभरात १५० च्या आसपास नेतात. "माझ्या बाळाला एवढंसंच सलाईन का?" या प्रश्नाचं उत्तर हेच. ते बाळाला उपाशी ठेवणं नाही. पोषणासाठी साखर आणि गरज असेल तर प्रथिनं त्याच मोजक्या पाण्यातून जातात.

जी घट खरंच वाईट

गंमत अशी की घटीमुळे दगावण्याची भीती पेटीतल्या बाळापेक्षा घरी गेलेल्या धडधाकट बाळाला कधी कधी जास्त असते. पेटीतल्या बाळाकडे निदान कुणीतरी रोज काट्यावरून बघत असतं.

पहिलटकरीण, पूर्ण दिवसांचं बाळ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. बाळ छातीला लागतं, पण नीट पकडत नाही आणि दूध उतरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते रडायचंच थांबतं. घरातली मोठी माणसं कौतुकानं म्हणतात, "किती शांत बाळ आहे गं तुझं, झोपूनच असतं." ते शांत नसतं, सुकलेलं असतं. लघवी दिवसातून दोनदा किंवा तीही नाही, लंगोटावर विटकरी डाग, तोंड कोरडं, अंग गरम. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात अशी तापलेली बाळं घेऊन लोक येतात आणि त्यांना वाटतं उन्हाळा बाधला. काट्यावर ठेवलं की पंधरा-वीस टक्के वजन गेलेलं असतं, सोडियम दीडशेच्या वर.

अशा बाळाला दाखल केल्यावर घरच्यांना वाटतं, आता भराभर सलाईन लावा. डॉक्टर मुद्दाम हळू जातात. चढलेलं सोडियम एकदम खाली आणलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. दोन-दोन दिवस घेऊन ते उतरवावं लागतं. त्या दोन दिवसांत वजन हळूच वाढतं, आणि इथे मात्र ते वाढणं चांगलं असतं.

अशा घरांत उपाय म्हणून साखरेचं पाणी, मध किंवा गुटी आधीच देऊन झालेली असते. पोट भरल्यासारखं होऊन बाळ आणखी कमी ओढतं, आणि ओढलं नाही की दूध आणखी कमी येतं. यावर माझं मत स्पष्ट आहे: तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मध्ये एकदा काट्यावर वजन आणि पाजताना जाणत्या माणसाची नजर एवढं झालं असतं तर यातली बहुतेक बाळं दाखलच करावी लागली नसती.

वळण आल्यावर

घट थांबली की पुढचं वजन हळूहळू खऱ्या वाढीचं होऊ लागतं. पेटीतल्या छोट्या बाळानं दर किलोमागे रोज पंधरा-वीस ग्रॅम मिळवावेत असा अंदाज ठेवतात. दीड किलोच्या बाळाचे पंचवीस-तीस ग्रॅम. पूर्ण दिवसांच्या बाळाचेही रोज वीस ते तीस. त्यासाठी आईचं दूध आधी नळीनं, मग वाटी-चमच्यानं, मग अंगावर. दीड किलोखालच्या बाळांना बऱ्याचदा त्या दुधात प्रथिनं आणि क्षारांची पावडर मिसळतात. आईचं दूध पुरेसं नसेल तर दूधपेढीचं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं.

आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, वजनालाही उपयोगी पडते. ऊब टिकवण्यात खर्च होणारी शक्ती वाचते आणि दूधही वाढतं. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,००० ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मल्यावर लगेच, स्थिर व्हायची वाट न बघता असं ठेवल्यावर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशानं घटले.

वाढीचा तक्ता कुणी दाखवला तर त्यातली एक गोष्ट माहीत असलेली बरी. पहिल्या आठवड्यात पाणी गेल्यावर वेळेआधी जन्मलेलं बाळ जन्माच्या वेळेपेक्षा थोड्या खालच्या रेघेवर येऊन बसतं आणि मग तिला समांतर चालतं. वरची रेघ परत गाठण्याची घाई कुणी करू नये. वापरात असलेल्या तक्त्यांपैकी इंटरग्रोथ-२१ हा आठ देशांतल्या बाळांवरून तयार केलेला आहे, आणि त्यात भारताची बाळं नागपूरची होती.

घरी सोडताना बहुतेक युनिटांत तीन गोष्टी बघतात: बाळ तोंडानं पुरेसं पितंय, पेटीबाहेर ऊब राखतंय आणि सलग काही दिवस वजन चढतंय. अमुक एक वजन झालंच पाहिजे असा हट्ट आता पूर्वीइतका राहिलेला नाही. पुढे आशाताईच्या भेटी असतात. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. या घरभेटींची कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून आली. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. आशाताईचा काटा आणि रुग्णालयाचा काटा यांत पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक निघणं अगदी शक्य आहे. तेव्हा पहिल्या भेटीत तिच्या काट्यावर जे भरेल ते कार्डावर वेगळं लिहून घ्यायचं आणि पुढची वजनं त्याच आकड्याशी ताडायची.